जीपीएस आल्यावर तांडेल कोण?

पाजपंढरीकर:
आमची बोट हर्णै बंदरात लागते. सहा खलाशी. अण्णा चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. कनकदुर्गावरचं दीपगृह आणि मागच्या डोंगराचं टोक एका रेषेत आलं, की इंजिन बंद करायचे, शिसं बांधलेली दोरी सोडून किती वाव (पसरलेल्या दोन हातांएवढं माप) पाणी ते मोजायचे, शिशाला लागलेला चिखल बोटांत चोळून बघायचे. मग जाळं.

आता मी तांडेल. जीपीएस आहे, फिश फाइंडर आहे. हैदराबादच्या इन्कॉइसची, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राची, सूचना मोबाइलवर येते. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळू शकेल ते सांगतात. डिझेल वाचतं, खोटं का बोलू? पण परवा पडद्यावरचे आकडे गेले. खलाशी माझ्या तोंडाकडे बघायला लागले, आणि मला किनारा वाचता येईना.

अण्णांच्या जागांना नावं होती. आजोबांचा नांगर अडकून मोडला ती 'नांगरमोड'. माझ्या जीपीएसमध्ये ती 17 नंबर आहे. बंदरात कोणी 'तांडेल' म्हणून हाक मारली की ओ द्यायला जड जातं. कोणाचं असं झालंय का?

मिऱ्याची लेक:
दादा, 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा माझा मामा समुद्रात होता. किनारा त्यालाही वाचता यायचा. बोटीवर वायरलेस नव्हता. मामी अजून संध्याकाळी दारात बसते. यंत्र काढायचा विचारसुद्धा करू नका. सगळ्यांना घरी आणतो तो तांडेल, आमच्याकडे हाच अर्थ.

मालवणचो गाबीत:
माझो बापूस रापणीक, म्हंजे किनाऱ्यावरसून ओढूच्या जाळ्याक, जायचो. बांगडो खंय हा ता पाण्याच्या रंगावरसून वळखायचो. मी कधी इचारलंय नाय, आणि तो गेलो. तुझे अण्णा आसत मा? मगे तेंका बोटीर बसव, एकेक जागो तेंच्या नावान यंत्रात घाल. येळ करू नको.

पाजपंढरीकर:
काल अण्णांना नेलं. गुडघे दुखतात, तरी नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, जाऊन बसले. 17 वर पोचून इंजिन बंद केलं. अण्णांनी किनाऱ्याकडे बघितलं. "दीपगृह डोंगराच्या उजवीकडे दिसतंय. ही नांगरमोड नाही. दक्षिणेला घे." कोणीतरी बोट वाहत असताना जागा नोंदवायचं बटण दाबलं असणार, आणि मी तीन हंगाम त्या आकड्यावर जाळं टाकत होतो.

नवी नोंद केली. यंत्रात मराठी अक्षरं नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'नांगरमोड' लिहिलं. अजून तेरा जागा आहेत. उद्या पहाटे चारला निघतोय, अण्णांनी आत्ताच डब्याचं सांगून ठेवलंय.