बेभरवशाची वीज आणि इन्व्हर्टर एसी : तुमचे अनुभव लिहा

परभणीच्या घरी आई-बाबा दोघंच असतात. दोघांचीही सत्तरी उलटली आहे. एप्रिल-मेमध्ये वरच्या खोलीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो, उकाड्याने बाबांना झोप लागत नाही, म्हणून यंदा इन्व्हर्टर एसी (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा) घ्यायचं ठरलं आहे. दुकानदार टन, स्टार, वायफाय सगळं भरभरून सांगतात. पण संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज 170 च्या आसपास उतरतं, लाइट वरचेवर जाते आणि परत येताना दिवे भगभगून पेटतात, अशा घरात कोणता एसी टिकेल, याचं सरळ उत्तर कुणी देत नाही.

ज्यांनी अशा विजेवर एसी चालवला आहे त्यांनीच लिहावं, म्हणून हा धागा. गाव कुठलं, वीज कशी आहे, किती टनाचा घेतला, स्टॅबिलायझर लावला का, काय बिघडलं आणि दुरुस्तीला कोण आलं, एवढं आलं तरी पुष्कळ. कंपन्यांची नावं मात्र नकोत, त्यावरून नुसते वाद होतात.

अकोला

एसी घ्यायच्या आधी वायरमनला बोलवा. आमचं घर जुनं, केसिंग-कॅपिंगमधलं वायरिंग. एसी सुरू झाला की पाचेक मिनिटांत बाहेरचं युनिट बंद पडायचं आणि आतला पंखा नुसती गरम हवा फेकत राहायचा. कंपनीचा माणूस एसी ठीक आहे म्हणून निघून गेला. ओळखीच्या वायरमनने मल्टिमीटर लावला तेव्हा मीटरपाशी 198 आणि एसीच्या पॉइंटला, एसी चालू असताना, 184 दिसले. मधले जोड तापून काळे पडले होते. मेन बोर्डापासून एसीसाठी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची स्वतंत्र वायर ओढली, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) बसवला, अर्थिंगचा खड्डा नव्याने भरला. त्यानंतर तक्रार नाही.

हे सगळ्यांनी लक्षात घ्यावं, कारण इन्व्हर्टर एसीला तेवढंच काम करायला कमी व्होल्टेजवर जास्त अँपिअर ओढावे लागतात. वायर बारीक असेल तर तिच्यात आणखी व्होल्ट गळतात, ती आणखी तापते. पाच स्टारचा एसी घेऊन तो पंख्याच्या वायरवर टांगलेली घरं मी पाहिली आहेत.

आणि टनाचं. एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेली असते. आमच्याकडे मेमध्ये 45 च्या पुढे पारा जातो, तेव्हा तोच एसी पुरेसा गार करत नाही. वरच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत असलेल्या 120 चौरस फुटांच्या खोलीला आम्ही एक टनाऐवजी दीड टन घेतला आणि तो बरोबर ठरला.

जळगाव

मी एसी दुरुस्तीचं काम करतो. उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या इन्व्हर्टर एसींत कॉम्प्रेसर गेल्याचं क्वचित असतं, गेलेली असते ती बाहेरच्या युनिटमधली पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग बसवलेली पाटी. हा एसी आलेल्या विजेचं आधी डीसी करतो आणि त्यातून कॉम्प्रेसरला हव्या त्या वेगाने फिरवतो. हे सगळं त्या एका पाटीवर चालतं. जुन्या एसीत कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट झटका घ्यायचा, दिवे डिम व्हायचे. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्यामुळे अशक्त लाइनवर खरं म्हणजे तोच बरा. फक्त ती पाटी जपावी लागते.

लाइट येताना जो झटका बसतो त्यात बहुतेक वेळा पाटीवरचा फ्यूज आणि त्याच्याजवळचा व्हेरिस्टर जातो. व्हेरिस्टर म्हणजे गोल चपटी टिकली, निळी किंवा काळी. ती फुटून काजळी धरलेली दिसते. ती गेली म्हणजे तिने आपलं काम केलं, पुढची पाटी वाचवली. हे दोन भाग थोडक्या पैशांत बदलता येतात. वॉरंटीत नसलेल्या एसीला कंपनीकडून अख्खी पाटी बदलायचा खर्च सांगतात, तो कित्येक हजारांत जातो. म्हणून आधी पाटी उघडून दाखवायला सांगा. पुढचा भाग जळाला असेल तर मात्र नवीच घालावी.

दुसरं कारण पाली आणि मुंग्या. पाटी उबदार असते, पाल आत शिरते, दोन टोकांना चिकटते आणि शॉर्ट होतो. बाहेरच्या युनिटमध्ये वायरी जातात तिथलं भोक रबरी बुचाने नीट बंद करून घ्या. बसवणारी पोरं घाईत ते उघडंच ठेवतात.

एसी घेताना माझ्या मते एकच प्रश्न विचारा : या मॉडेलची पीसीबी बिघडली तर इथे किती दिवसांत मिळेल? मेमध्ये दोन आठवडे पाटीची वाट बघणारी घरं दर वर्षी असतात.

औसा, जि. लातूर

आमच्या गल्लीत खांबावरचा न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटला तेव्हाचं सांगते. तीन फेजमधला न्यूट्रल सुटला की घरांत 230 ऐवजी 300, 350, कधी 400 व्होल्टपर्यंत वीज येते, कुणाच्या घरात जास्त तर कुणाच्या घरात कमी. शेजाऱ्यांचा टीव्ही, फ्रिज, सेट टॉप बॉक्स सगळं गेलं. आमच्या घरात बल्ब फुटले, एसीचा स्टॅबिलायझर जळाला, त्याचा वास घरभर पसरला होता. एसी मात्र वाचला. नंतर लाइनमन आला, जोड घट्ट करून गेला. नुकसानीचं कुणी विचारलंही नाही.

त्यानंतर आम्ही मेन बोर्डातच व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घेतला. एमसीबीएवढी डबी असते, समोर आकडा दिसतो. वरची मर्यादा 265 आणि खालची 165 ठेवली आहे. त्याबाहेर गेलं की अख्ख्या घराची वीज तोडतो, आणि ठीक झाल्यावर आपण ठरवलेल्या वेळेने जोडतो. आम्ही तीन मिनिटं ठेवली आहेत, त्यामुळे लाइट आल्याआल्याचा धिंगाणा घरात पोचतच नाही. स्टॅबिलायझर फक्त एसीला सांभाळतो, हा फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर सगळ्यांना. मी तर म्हणेन, आधी हा बसवा.

*(धागा सुरू करणारा : ताई, फार उपयोगी. एक विचारतो. दुकानात प्रत्येक जण 'स्टॅबिलायझर-फ्री' म्हणतो. म्हणजे लावायचा की नाही? आणि घरी लाइट गेल्यावर वापरायचा 900 व्हीएचा इन्व्हर्टर, 150 एएचची बॅटरी आहे. त्यावर हा एसी चालेल असंही एकाने ठामपणे सांगितलं.)*

सांगली

मी वीज खात्यातून निवृत्त झालो आहे, दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो.

स्टॅबिलायझर-फ्री म्हणजे ठरावीक व्होल्टेजमध्ये हा एसी स्टॅबिलायझरशिवाय चालेल, इतकंच. कुणाची मर्यादा 160 ते 264 असते, कुणाची 145 ते 285, काही जण 100 पासून सांगतात. माहितीपत्रकात हा आकडा शोधा आणि तुमच्या घरच्या आकड्याशी ताडून पाहा. नियमाप्रमाणे घरगुती वीज 230 च्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण 216 ते 244 मध्ये असायला हवी. तुमची 170 वर येत असेल तर लेखी तक्रार करा, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार जास्त असेल तर सगळ्या गल्लीचाच प्रश्न आहे, आणि वीज कंपनी एकट्याच्या तोंडी सांगण्याने हलत नाही. तोवर, संध्याकाळी 170 आणि एसीची मर्यादा 145 असेल तर स्टॅबिलायझरवाचून चालेल, प्रोटेक्टर पुरे. मर्यादा 160 असेल तर 130 पासून काम करणारा 4 केव्हीएचा स्टॅबिलायझर दीड टनाला लावा. तो फार स्वस्त मिळत असेल तर आत ॲल्युमिनियमचं वाइंडिंग आहे का ते विचारा.

आता बॅटरी. 12 व्होल्ट गुणिले 150 म्हणजे 1800 वॉट-अवर. इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरी तळाशी न नेण्याची काळजी धरली तर हाताशी जेमतेम 1200 उरतात. दीड टनाचा एसी सुरुवातीला 1500 वॉटच्या आसपास घेतो, तिथेच तुमचा 900 व्हीएचा इन्व्हर्टर ट्रिप होईल. इन्व्हर्टर एसी घरच्या इन्व्हर्टरवर चालतो हे दुकानदाराने सांगू नये, लोक फसतात. खोली आधी गार झालेली असेल, एक टनाचा एसी असेल आणि त्याला क्षमता 40-50 टक्क्यांवर बांधायची सोय असेल, तर तो 400-500 वॉटवर राहतो. त्यासाठीसुद्धा 2 केव्हीएचा, दोन बॅटऱ्यांचा, प्युअर साइन वेव्हचा संच हवा, आणि मग काही तास निघतात. आई-बाबांसाठी पंखे आणि दिवे त्या बॅटरीवर असू द्या, एसी नको.

चंद्रपूर

आमच्याकडे कूलर सोडू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर दीड-दोनशे वॉटवर खोली गार करतो आणि लाइट गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली की तो कामाचा राहत नाही, तेव्हा एसी. एकाच खोलीत दोन्ही आहेत, फक्त एकावेळी एकच चालवायचा.

नागपूर

सोलरवाल्यांसाठी लिहितो. पीएम सूर्यघर योजनेतून 3 किलोवॉट बसवलं, 78,000 रुपये अनुदान मिळालं, बिल जवळपास शून्यावर आलं. दुपारी एसी मनसोक्त चालतो. पण लाइट गेली की भर उन्हात पॅनल तळपत असताना एसी बंद. ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या सोलरमध्ये ग्रिडची वीज गेली की सोलरचा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरची वीज लागू नये, यासाठी तो नियमच आहे आणि तो योग्य आहे. लाइट गेल्यावरही एसी हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो. बसवणारे हे आपणहून सांगत नाहीत, आमच्या शेजारच्या काकांना तर पहिल्या भारनियमनालाच कळलं.

दापोली

आमच्याकडे उन्हाळ्यापेक्षा पावसाळा वाईट. फांदी पडली की लाइट गेली. 2020 च्या निसर्ग वादळानंतर तर आमच्या वाडीत कित्येक आठवडे अंधार होता. एसी लागतो तो एप्रिल, मे आणि ऑक्टोबरात. विजेइतकाच त्रास खाऱ्या वाऱ्याचा. बाहेरच्या युनिटच्या जाळीची पानं भुगा होऊन पडतात, गॅस गळतो. कॉइल तांब्याची आणि त्यावर गंजरोधक लेप असलेली घ्या, युनिट समुद्राकडच्या भिंतीला लावू नका, आणि एसी वापरात नसला तरी अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, अर्थात एमसीबी पाडून. गडगडायला लागलं की एमसीबी खाली, हा आमच्या घरचा नियम.

लागोस, नायजेरिया

नोकरीनिमित्त इथे आहे, वीज जाणं म्हणजे काय ते इथे समजतं. पूर्वी घरोघर पेट्रोलचे जनरेटर चालायचे. मे 2023 मध्ये पेट्रोलवरचं अनुदान गेलं आणि रात्रभर जनरेटर चालवणं परवडेनासं झालं. एप्रिल 2024 पासून 'बँड ए' भागात दिवसाला किमान 20 तास वीज द्यायची म्हणून दर तिपटीहून जास्त केला. मग आम्ही मराठी कुटुंबांनी एकेक करून पॅनल, 5 केव्हीएचा इन्व्हर्टर आणि 48 व्होल्टची लिथियम बॅटरी असा संच घेतला. इथे एसी टनावर नाही, एचपीवर मिळतो. एक एचपी म्हणजे आपला पाऊण टन. झोपायच्या खोलीला तेवढाच घेतला, 26 अंशांवर पंख्यासोबत लावतो. खोली गार झाली की मीटरवर 350-400 वॉट दिसतात, आणि 5 युनिटांच्या बॅटरीवर रात्र निघते. बॅटरीवर चालवायचा असेल तर सगळ्या घराला नको, एक छोटी खोली निवडा आणि ती नीट बंद करून घ्या. दाराखालची फट बुजवल्यावर पडलेला फरक मी मीटरवर पाहिला आहे.

सोलापूर

स्टारचं कुणी लिहिलं नाही. लेबलवरचे वार्षिक युनिट 1600 तास धरून काढलेले असतात. दीड टनात तीन आणि पाच स्टारमध्ये साधारण 200 युनिटांचा फरक दिसतो. वर्षातून दोनच महिने, तेही रात्री, एसी लावणाऱ्या घरात तो फरक निम्म्याहून कमी. मी तीन स्टारचा घेतला आणि उरलेले पैसे वायर, अर्थिंग, प्रोटेक्टर यांवर घातले. जुना साठा स्वस्त मिळत असेल तर स्टार मोजू नका, आयएसईईआरचा (हंगामभरात एका युनिट विजेत किती गारवा मिळतो त्याचा) आकडा वाचा. जुलै 2022 मध्ये स्टारची पट्टी वर सरकली, तेव्हा आधीचे पाच स्टार चार झाले.

(धागा सुरू करणारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी वायरमन येऊन मेन बोर्डापासून वेगळी वायर ओढणार आहे, प्रोटेक्टरही सांगितला आहे. बाबांना रोज सकाळी, दुपारी आणि रात्री आठ वाजता व्होल्टेज वहीत लिहायला सांगितलं आहे, ते त्यांनी मनावर घेतलं आहे. गल्लीतल्या सात घरांच्या सह्या झाल्या, अर्ज सोमवारी जाईल. दीड टन, तीन स्टार, 145 पासून चालणारा, असं आता नक्की झालं आहे. परभणी किंवा नांदेडमध्ये इन्व्हर्टर एसीची पाटी उघडून दुरुस्त करणारं कुणी माहीत असेल तर मला निरोपातून कळवा. जळगावच्या दादांनी विचारायला लावलेला प्रश्न इथल्या दोन दुकानांत विचारला, दोघांनीही विषय बदलला.