तळपायाचा काळा डाग: कुठला पुढे पाठवायचा आणि तपासणीचा तुकडा (बायोप्सी) कसा घ्यायचा?

उपकेंद्र_राजापूर

राजापूर तालुक्यातल्या उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. लावणी आटोपली की पायांचे पेशंट वाढतात. चिखल्या, जांभ्यावर कापलेलं, कुरूप, कुजलेली नखं. त्यात तळपायाला काळा डाग किंवा अंगठ्याच्या नखात काळी रेघ असलेलं कोणी ना कोणी असतंच. त्वचेच्या कॅन्सरच्या माहितीपत्रकांत गोऱ्या माणसाच्या पाठीवरचा तीळ दाखवलेला असतो, त्यावरून आमच्या माणसांचं काही ठरवता येत नाही.

नुसत्या डोळ्यांनी, फार तर भिंगाने बघून कुठला डाग त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवायचा? तुकडा तपासणीला जातो तेव्हा गडबड कुठे होते? आणि घरचे विचारतात, "सुई लावली की पसरतो ना?", "मुंबईला नेऊन फरक पडतो का?" त्यांना खरं काय सांगावं?

त्वचा_चिपळूण

सावळ्या कातडीत मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर, एकूण कमीच. पण होतो तेव्हा त्यातला मोठा हिस्सा तळपाय, तळहात आणि नखाखाली असतो. याला एक्रल मेलानोमा म्हणतात. उन्हाशी त्याचं फारसं नातं नाही, त्यामुळे माणूस दिवसभर होडीवर असतो की घरात, यावरून काही ठरत नाही. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये गेले ते पायाच्या अंगठ्यावरच्या याच आजाराने.

पेशंट आला की पाय साबणाने धुवायला लावा. भिरंडेल (कोकमाचं तेल) किंवा मलम चोपडलं असेल तर स्पिरिटने पुसून काढा. मग चांगल्या उजेडात दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या, तळहात आणि वीसही नखं बघा. आता फसवे डाग बाजूला काढायचे. काजू कारखान्यात काम करणाऱ्या बायकांच्या बोटांवर टरफलाच्या तेलाचे काळे डाग असतात. ते सहसा दोन्ही हातांना असतात आणि काम थांबलं की काही आठवड्यांत कातडीबरोबर निघून जातात. कुरपाला बिब्बा लावला असेल तर भोवती काळं पडतं आणि शेजारी फोड येऊन गेल्याची खूण दिसते. टाचेला मार बसून रक्त साकळलं की तेही काळंच दिसतं. तिथे पंधरा नंबरच्या ब्लेडने वरची मेलेली कातडी हलक्या हाताने खरवडायची. डाग पूर्ण निघाला तरच त्याला रक्त म्हणा. थोडा निघाला आणि खाली रंग उरला, तर पाठवा. मेलानोमातही रक्त साकळतं.

नखाचं वेगळं आहे. डागाच्या मागच्या, म्हणजे मुळाकडच्या कडेला नखावर ब्लेडने बारीक चरा पाडा आणि दोन महिन्यांनी बघा. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. चरा आणि डाग बरोबरीने पुढे सरकले आणि मुळाशी स्वच्छ नख आलं, तर रक्त. चरा पुढे गेला आणि रंग मुळाशी तसाच राहिला, तर तो नखाच्या मुळातूनच तयार होतोय. आपल्याकडे बऱ्याच बोटांच्या नखांत बारीक तपकिरी रेघा असतात, त्यांची चिंता नको. पण मोठ्या माणसाच्या एकाच बोटात नवी रेघ, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यात, ३ मिलिमीटरपेक्षा रुंद, मुळाशी जास्त रुंद आणि टोकाकडे निमुळती, असं दिसलं तर दोन महिने थांबू नका. नखाच्या मुळाशी किंवा कडेच्या कातडीवर काळा रंग उतरलेला दिसला तर त्याच आठवड्यात पाठवा.

पायासाठी पाच गोष्टी बघायची पद्धत आहे: रंग, निदानाची खात्री नसणं, रक्त किंवा ओल येणं, वाढत जाणं, आणि दोन महिन्यांत न भरणं. यातल्या दोन जमल्या की पाठवायचं. 'रंग' म्हणजे काळाच असं नाही. काही मेलानोमा लालसर, मांसल गाठीसारखे असतात आणि महिनोन्‌महिने त्यांना नखुरडं, कुरूप किंवा डायबेटिसची जखम म्हणून ड्रेसिंग होत राहतं. माझ्या मते उशीर सगळ्यात जास्त इथेच होतो.

उपकेंद्राला डर्मोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग) मिळाला तर एक गोष्ट शिकून घ्या. तळव्याच्या कातडीत कंगोरे आणि खोबणी असतात. रंग खोबणीत असेल तर सहसा तीळ, कंगोऱ्यांवर असेल तर मेलानोमाचा संशय. कुठलं काय हे कळत नसेल तर मार्कर पेनची शाई लावून पुसा. शाई खोबणीत राहते, आणि कंगोऱ्यांवर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके दिसतात. मात्र बाहेरून लागलेला रंग आणि साकळलेलं रक्तसुद्धा कंगोऱ्यांवर दिसू शकतं, म्हणून धुणं आणि खरवडणं आधी. कंगोऱ्यांवरचा रंग असेल तर आकार कितीही असो, तुकडा घ्यायचा. खोबणीतला की कंगोऱ्यांवरचा, हे स्पष्ट ठरत नसेल तर ७ मिलिमीटरच्या वरचा डाग तुकड्याला जातो, लहान असेल तर तीन ते सहा महिन्यांनी परत बघायचा.

फोटो काढताना पट्टी शेजारी धरा, फ्लॅश बंद ठेवा. नखाचा फोटो वरून एक आणि समोरून टोकाचा एक.

ब्लॉक_आणि_स्लाइड

तुकड्याबद्दल मी सांगतो, पॅथॉलॉजीत रोज हेच बघतो.

संशय असलेला डाग जाळायचा नाही. कॉटरी, लेझर, ॲसिड, कॉर्न कॅप, काहीच नाही. वरवर तासून काढायचाही नाही. त्याने खोली मोजता येत नाही, आणि मेलानोमाचे पुढचे सगळे निर्णय खोलीवर चालतात. डाग लहान असेल तर भोवती १ ते ३ मिलिमीटर कातडी घेऊन, खालच्या चरबीपर्यंत, अख्खा काढायचा. तळपायावरचा मोठा असेल तर सगळ्यात जाड किंवा उंचवट्याच्या जागेतून पूर्ण जाडीचा तुकडा किंवा पंच (गोल पात्याने काढलेला छोटा तुकडा). नखाच्या रेघेसाठी नखाचं टोक कापून पाठवतात, त्यातून मेलानोमाचं निदान होत नाही. रंग नखाच्या मुळाशी तयार होतो, तुकडा तिथूनच हवा. हे सरावाच्या हाताचं काम आहे, आरोग्य केंद्रात करू नये.

फॉर्मालिन १० टक्के. बाजारातल्या बाटलीतलं तीव्र द्रावण एक भाग आणि पाणी नऊ भाग. तुकड्याच्या दहापट तरी द्रावण हवं. होतं काय, तुकडा सलाइनमध्ये किंवा कोरड्या गॉझमध्ये ठेवतात आणि मे महिन्याच्या उकाड्यात एसटीच्या पार्सलने पाठवतात. इथे पोचेपर्यंत तो कुजलेला असतो. अरुंद तोंडाच्या इंजेक्शनच्या बाटलीत कोंबला तर बाहेर काढताना फाटतो. तोंड रुंद हवं. नाव, बाजू आणि जागा बाटलीच्या अंगावर लिहा, झाकण बदललं जातं.

फॉर्मवर नुसतं 'काळा डाग, तपासणीसाठी' असं येतं. डाग किती मोठा, किती दिवसांपासून, तुकडा कुठल्या भागातून, 'मेलानोमाचा संशय' हे शब्द, एवढं लिहिलंत तर आम्ही कापच वेगळे घेतो आणि रंगद्रव्याच्या पेशी ओळखणाऱ्या एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५ वगैरे चाचण्या आधीच ठरवतो.

रिपोर्टमध्ये ब्रेस्लो जाडी मिलिमीटरमध्ये आहे का बघा. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये ही मोजणी मांडली आणि अजून तिच्यावरच सगळं चालतं. ती कातडीच्या दाणेदार थरापासून सगळ्यात खोल पेशीपर्यंत मोजतात. तळपायाचा वरचा मेलेला थर जाड असतो, तो मोजायचा नाही. वर व्रण आहे का, कडा आणि तळ मोकळे आहेत का, पेशींचं विभाजन किती, हेही हवं. 'मॅलिग्नंट मेलानोमा' एवढंच लिहिलं असेल तर ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) परत काढून जाडी मागा.

मुंबईला जाताना स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक, दोन्ही न्या. नुसता कागद घेऊन गेलात की तिथे पुन्हा तुकडा घ्यायची वेळ येऊ शकते. ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ होतं.

सर्जन_कुडाळ

"सुई लावली की पसरतो" याला उत्तर: नीट घेतलेल्या तुकड्याने आजार पसरतो किंवा आयुष्य कमी होतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. जांघेत गाठ लागली तर तिथे सुईनेच तपासणी करतात. गावात पायाच्या जखमेबरोबर आलेली गाठ म्हणजे अवधाण समजून शेकतात. काळ्या डागाबरोबर अवधाण असेल तर शेकू नका, पाठवा.

जाडी कळली की कापायची कड ठरते. वरच्या थरातच असेल तर अर्धा ते एक सेंटिमीटर, १ मिलिमीटरपर्यंत जाडीला १ सेंटिमीटर, १ ते २ ला १ ते २ सेंटिमीटर, २ च्या वर असेल तर २ सेंटिमीटर. तळपायावर २ सेंटिमीटरची कड म्हणजे मोठी जागा उघडी पडते. कमानीच्या भागात कातडीचं कलम चालतं, टाचेवर वजन येतं म्हणून मधल्या तळव्याची जाड कातडी रक्तवाहिनीसकट फिरवून लावतात. पेशंटला आधीच सांगा की काही आठवडे पाय टेकायचा नाही, आणि नंतर एमसीआर (मऊ रबराची) चप्पल. बागेत अनवाणी फिरला तर कलम फाटतं.

जाडी १ मिलिमीटरच्या वर असेल आणि हाताला गाठ लागत नसेल, तर डागाकडून आजार जिथे सगळ्यात आधी पोचतो ती पहिली लसिका ग्रंथी शोधून काढून तपासतात. ०.८ ते १ च्या मध्ये किंवा व्रण असेल तरी विचार होतो. पूर्वी त्या ग्रंथीत पेशी सापडल्या की जांघेतल्या सगळ्या ग्रंथी काढायचे. २०१७ च्या एमएसएलटी-२ या चाचणीत सगळ्या ग्रंथी काढलेले आणि नुसतं लक्ष ठेवलेले, दोन्ही गट सारखेच जगले, तीन वर्षांनी मेलानोमापासून वाचलेले दोन्हीकडे ८६ टक्के. हातपाय सुजणं मात्र २४.१ टक्के विरुद्ध ६.३ टक्के. म्हणून आता बहुतेकांत सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. शेतात राबणाऱ्याला ही सूज टळणं फार मोलाचं आहे.

फरक पडतो का? अमेरिकेतल्या १९८६ ते २००५ च्या नोंदींवरून २००९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात एक्रल मेलानोमाचे ८०.३ टक्के पेशंट पाच वर्षांनी या आजारापासून वाचलेले होते. कातडीच्या सगळ्या मेलानोमांत हेच प्रमाण ९१.३. म्हणजे आजार वाईट आहे, पण हात टेकण्यासारखा नाही. पातळ असताना सापडला तर बहुतेकदा शस्त्रक्रियेवरच भागतं.

उपकेंद्र_राजापूर

खूप उपयोगी, चरा पाडायची युक्ती उद्यापासूनच करते. अजून दोन: मोबाइलवर फोटो टाकून 'कॅन्सर आहे की नाही' सांगणारी ॲप विश्वासाची आहेत का? आणि टाटाला कमी डोसमध्ये इम्युनोथेरपी देतात असं एकाच्या मुलाने वाचलंय, ती इथे चालेल का? जुन्या भाजलेल्या जागेच्या जखमांबद्दलही सांगा.

औषधोपचार_पनवेल

ॲपचं निर्णय म्हणून काही ऐकू नका, ताई. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १,२९,४५० चित्रांवर शिकवलेला संगणक त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीस उतरला आणि तिथून हे सगळं वाढलं. पण २०२२ मध्ये तिथल्याच दवाखान्यांतली ६५६ चित्रं, गडद कातडीची मुद्दाम घेऊन, अशाच प्रणालींना दाखवली तेव्हा गडद कातडीवर त्यांची अचूकता घसरली. त्यातून ॲपने 'धोका नाही' म्हटलं की माणूस सहा महिने घरी बसतो, तोटा तिथे होतो. फोटो माणसाला पाठवा.

कमी डोसचं वाचलेलं खरं आहे, पण ते डोकं-मानेच्या कॅन्सरचं. टाटा मेमोरियलच्या २०२३ मध्ये छापलेल्या चाचणीत तोंडाने घ्यायच्या औषधांबरोबर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं) औषध फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं आणि वर्षभर जगणारे १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तो आकडा मेलानोमाला लावता येत नाही. पसरलेल्या मेलानोमात निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन इम्युनोथेरपीची औषधं मिळून दिलेल्यांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनी हयात होते, पण ते पेशंट बहुतेक गोऱ्या कातडीचे. एक्रल प्रकारात जनुकीय बदल कमी असतात आणि प्रतिसादही कमी मिळतो. म्हणून ब्लॉकवर बीआरएएफ आणि किट या जनुकांची तपासणी करून घ्या. किटमध्ये ठरावीक बदल निघाला तर इमॅटिनिबच्या गोळ्यांचा काहींना उपयोग होतो आणि त्या तुलनेने स्वस्त आहेत.

महात्मा फुले योजनेत पूर्वमंजुरीसाठी तुकड्याचा रिपोर्ट लागतो. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का ते गावातूनच बघून निघा. नावातल्या एका अक्षरावरून फाइल अडते.

त्वचा_चिपळूण

जुन्या व्रणांचं राहिलं. भाजल्याची जागा, कुष्ठरोगात तळपायाला पडलेली जखम, वर्षानुवर्षं वाहणारी हाडाची जखम, यांत स्क्वेमस सेल कार्सिनोमा (कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर) होतो. बऱ्याचदा भाजल्यानंतर वीस-तीस वर्षांनी. कडा उंच आणि कडक होतात, फुलकोबीसारखं मांस वर येतं, वास बदलतो, हात लावला की रक्त येतं. इथे एकच तुकडा घेऊन 'काही नाही' असा रिपोर्ट आला तरी विश्वास ठेवू नका. कडेवरून तीन-चार ठिकाणचे आणि तळाचा एक, असे घ्यायचे. मधल्या कुजक्या भागातून घेतला तर नुसता पू येतो. पायाचा एक्स-रे काढा, हाडापर्यंत गेलंय का ते शस्त्रक्रियेआधी कळायला हवं.

आणि कंबर बघायला विसरू नका. टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराच्या गाठीखाली होणारा कॅन्सर नोंदवला. परकराच्या नाडीखाली तोच प्रकार होतो. घाम, घट्ट नाडी आणि त्यावर ओचा खोचून दिवसभर मासळीची पाटी, मग कातडी आधी काळी-जाड, नंतर पांढुरकी आणि सोललेली दिसते. या टप्प्यावर नाडीऐवजी रुंद पट्टा, बांधायची जागा वर-खाली बदलणं आणि रात्री सैल सोडणं, एवढं सांगा. खाज कमी झाली म्हणून थांबू नका. भेग दोन महिन्यांत भरली नाही तर तिथलाही तुकडा घ्यायचा. बायका हे आपणहून दाखवत नाहीत, तपासताना तुम्हालाच विचारावं लागेल.