पाढे पाठ, पण भागाकाराला गाडी अडते – मदत हवी आहे

मुलगा ८ वर्षांचा आहे. दहापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणतो. मधूनच 'सात आठे किती?' विचारलं, की 'सात एके सात'पासून सुरुवात. तेही एक वेळ चालेल. खरा घोळ भागाकाराचा आहे.

काल १२ बटणं दिली आणि म्हटलं, तीन मुलांना सारखी वाट. त्याने तीन-तीनचे ढीग लावले, मोजले आणि म्हणाला 'चार'. उत्तर बरोबर! पण 'मुलं तर तीनच, मग हा चौथा ढीग कोणाचा?' असं विचारल्यावर त्याला रडूच फुटलं. (न विचारतो तर बरं झालं असतं.) १७ भागिले ५ दिलं, तर उरलेली दोन बटणं गुपचूप शेवटच्या ढिगात सरकवतो.

पाढे पक्के होईपर्यंत भागाकार थांबवू का? आणि त्या चौथ्या ढिगाचं काय सांगू?

प्रतिसाद १ :
थांबवू नका. त्याचं चुकलेलं नाही, त्याने दुसराच भागाकार केलाय. 'तिघांना वाट' म्हटलं की एकेक बटण फिरवत द्यायचं. ढीग ३, प्रत्येकात ४. 'तीन-तीनचे गट कर' म्हटलं की ढीग ४, प्रत्येकात ३. लिहिताना दोन्ही १२ ÷ ३ च, म्हणून पोरं गोंधळतात. काही दिवस 'भागाकार' हा शब्दच काढू नका, दोन्ही तऱ्हेचे प्रश्न तोंडी विचारा. मग तीच बटणं टेबलावर ४-४ च्या ३ ओळींत मांडा आणि त्याला शेजारच्या कडेला उभं करा. तिथून ३-३ च्या ४ ओळी दिसतील. तीन चोक बारा, चार त्रिक बारा, एकही बटण न हलवता.

बाकीसाठी वेगळी वाटी ठेवा. पाचाचे गट करताना वाटीत पाच बटणं जमली, तर अजून एक गट निघतो, एवढाच नियम.

प्रतिसाद २ :
पाढ्यांबद्दल. १ ते १० मध्ये गुणाकार १००. सात आठे आणि आठ साते एकच धरलं, की ५५. त्यातून १, २, ५ आणि १० चे सोपे काढले, की उरतात फक्त २१. तेवढ्याच चिठ्ठ्या करा, रोज तीन विचारा. सात आठे अडलं तर सात पंचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस, मिळून छप्पन्न. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला नको.

धागाकर्ता :
टेबलाची युक्ती लागू पडली, चारही बाजूंनी फिरून बघितलं पठ्ठ्याने. मग स्वतःच एक बटण वाढवून १३ केली. दोन ओळी केल्या, तीन केल्या, चार केल्या, दरवेळी वाटीत एक राहतंय. पाच ओळींत तर तीन राहिली. आता विचारतोय, 'बाबा, हे तेरा असं का करतं?' याला काय सांगू?