मदत हवी आहे: दक्षिणेला भिंत, खाली मुरूम, १५ × १० फुटांची परसबाग कशी आखू?

वाफेवाली:
पुण्यात घरामागे दक्षिणेला १५ फूट (पूर्व-पश्चिम) × १० फूट (उत्तर-दक्षिण) जागा आहे. दक्षिण कडेला ५ फुटी कंपाउंडची भिंत, पूर्व-पश्चिम उघडं. उत्तरेला घरालगत अडीच फूट फरशी, ती या मापात धरलेली नाही. वर ७-८ इंच काळी माती, खाली बांधकामाच्या वेळी दाबलेला मुरूम. फूटभर खड्डा खणून संध्याकाळी पाण्याने भरला, सकाळी निम्मं पाणी तसंच. ऑगस्टमध्ये पेरलेली मेथी दोन पानांवर पिवळी पडून आडवी झाली.

काल, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराला भिंतीची सावली मोजली: २ फूट. म्हणजे ८ फूट उन्हात, असं धरून यादी केली: टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, फ्लॉवर, बटाटा, मुळा, मेथी, पालक, कोथिंबीर. माणसं चार. वाफे किती, कुठे काय, आणि माती किती आणावी लागेल?

खुरपं:
यादी बाजूला ठेवा, आधी सावली. कालची २ फूट फसवी आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. ५ फुटी भिंतीची सावली तेव्हा साडेचार फूट पडते, आणि सकाळी साडेनऊला किंवा दुपारी साडेतीनला तीच ६ फुटांपर्यंत जाते. टोमॅटो ऐन फळावर असेल तेव्हाच. भिंतीपासून दोन-चार फुटांवर लावलेली झाडं उंच, पिचकट होतात, फुलं गळतात. मग लोक खतं टाकत बसतात.

म्हणून भिंतीपासून असं मोजा:
० ते २ फूट: वाफा नाही. कंपोस्टचा ड्रम, झारी, आणि कडेने अळू, पुदिना. पुदिना कुंडीत, नाहीतर तो सगळं व्यापतो.
२ ते ५ फूट: पालेभाज्यांचा वाफा.
५ ते साडेसहा: वाट. टोपली घेऊन बसता आलं पाहिजे, एक फुटाची वाट कामाची नाही.
साडेसहा ते साडेनऊ: फळभाज्यांचा वाफा. इथे डिसेंबरातही साधारण सहा तास ऊन मिळेल.
उरलेला अर्धा फूट: मांडवाचे खांब. वेल फरशीवर न्या, म्हणजे सावली वाफ्यावर पडणार नाही.

काळी_आई:
आखणी पटली. पण मेथी मेली ती पाण्याने, उन्हाने नाही. वर काळी माती आणि खाली दाबलेला मुरूम म्हणजे ताटलीत पाणी. दोन्ही वाफ्यांच्या जागी पहारीने मुरूम फूटभर फोडा. उपसायचा नाही, नुसता सैल करायचा. कुदळ त्यावरून उडते. मग वाफे ९ इंच उंच करा.

हिशेब: दोन वाफे मिळून ९० चौरस फूट, गुणिले पाऊण फूट म्हणजे साधारण ६७ घनफूट. वाटेची आणि भिंतीकडच्या पट्ट्याची अर्धा फूट माती ओढून वाफ्यावर घेतली की २५ घनफूट इथेच निघते. बाहेरून अर्धा ब्रास (५० घनफूट) पोयट्याची माती पुरे, थोडी उरेलही. 'लाल माती' म्हणून विकतात त्यात मुरूमच जास्त असतो. मूठभर ओली करून वळून बघा, गोळी झाली पाहिजे आणि बोटाने फुटली पाहिजे.

त्यात चाळलेलं, कुजलेलं शेणखत ४०-४५ किलो आणि निंबोळी पेंड दीड किलो. खताला शेणाचा वास येत असेल किंवा हात घातल्यावर गरम लागत असेल तर ते कच्चं आहे. त्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, मुळं भाजतात. वाटेला बाहेरच्या बाजूला उतार द्या, नाहीतर पावसाळ्यात वाटेचाच पाट होईल.

खुरपं:
आता यादी. बटाटा आणि फ्लॉवर काढा: जागा खातात, एकदाच देतात. भेंडी थंडीत नीट उगवत नाही, जानेवारीअखेर टोका. फळभाज्यांच्या वाफ्यात टोमॅटो ५ (दोन-दोन फुटांवर), वांगी २, मिरची ३, एवढंच. मिरचीला दीड फूट, वांग्याला अडीच. मांडवावर आत्ता वालपापडी, दोडका-कारलं फेब्रुवारीत.

पालेभाज्यांचा वाफा ३-३ फुटांचे पाच तुकडे करून दर ८-१० दिवसांनी एकेक पेरा. सगळी मेथी एका दिवशी पेरली की एकाच आठवड्यात शेजाऱ्यांना वाटत फिरावं लागतं. एका तुकड्याला मेथी १५-२० ग्रॅम, चार बोटांच्या अंतरावर ओळीत, एक सेंटिमीटर खोल. धणे रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा. तरी ८ ते १५ दिवस लागतात, आठव्या दिवशी उकरून बघू नका.

वाफेवाली:
मुरूम फोडायला घेतला आहे. दोन शंका. धणे वाण्याकडचे चालतील? आणि टोमॅटो-मिरचीचं बी पेरू की रोपं आणू?

काळी_आई:
वाण्याकडचे चालतात, जुने नसले तर. २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, दोन आठवड्यांत १२-१३ दाण्यांना तरी मोड आले पाहिजेत.

बी आत्ता पेरलं तर लावणीलाच नोव्हेंबर उजाडेल. रोपंच आणा: २५-३० दिवसांची, चार-पाच पानांची, बुटकी. फुलावर आलेलं उंच रोप दिसायला छान, पण ते ट्रेमध्ये अडकून म्हातारं झालेलं असतं. टोमॅटोत बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक मिळाला तर बघा, पर्णगुच्छाला (पानं मुडपणाऱ्या विषाणूरोगाला) तोंड देतो. संकरित आहे, त्याचं बी धरू नका. लावणी दुपारी चारनंतर. टोमॅटो खालच्या पानांपर्यंत पुरा, खोडाला मुळं फुटतात. मिरची पुरू नका. बांबू त्याच दिवशी रोवा, नंतर रोवला की मुळं तुटतात.

बांधावर:
मिरचीचा बोकड्या (पानं मुडपणं) आला की एकदम फवारणी नको, पान बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिडे. खाली वळून देठ लांबला तर कोळी. फुलकिड्यांना ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पावडर फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी पिळून गाळायची, चिमूटभर साबण, आणि फवारा संध्याकाळी पानांच्या खालून. वरून मारलेला वाया जातो.

टोमॅटोचं बूड काळं पडून आत दबलं तर तो रोग नाही. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी धबधबा, असं पाणी दिलं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. दोन इंच वाळका पालापाचोळा पसरा, खोडापासून चार बोटं सोडून, आणि दर दोन-तीन दिवसांनी सारखंच पाणी द्या. पाणी द्यायच्या आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओलं लागलं तर त्या दिवशी नको.

वाफेवाली:
पहार लावल्यावर त्याच खड्ड्यात पुन्हा पाणी भरून पाहिलं, तीन तासांत जिरलं. फळभाज्यांचा वाफा आधी भरते.

काळी_आई:
भरल्यावर एकदा भरपूर भिजवून आठवडाभर तसाच ठेवा. माती दीड-दोन इंच बसेल, ती भर घाला आणि मगच रोपं लावा. लगेच लावलीत तर रोपं मातीबरोबर खाली जातील आणि बुंध्याशी पाणी साचेल.