14,40,000 सीटीसीमधून दरमहा हातात किती पडतील?

प्रश्न (फोंडा):
वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीकडून मला वार्षिक 14,40,000 रुपये सीटीसीची (म्हणजे कंपनीला माझ्यावर वर्षाला होणाऱ्या एकूण खर्चाची) नोकरी देऊ केली आहे. मूळ वेतन दरमहा 60,000 रुपये असून भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारे उपदान) आणि 1,20,000 रुपयांचा वार्षिक बोनस याच रकमेत धरलेला आहे. घरकर्जाचा हप्ता ठरवायचा असल्याने महिन्याला हातात नक्की किती पडतील, हे कसे काढावे? माझ्या नावे काही मुदत ठेवीही आहेत.

उत्तर (मडगाव):
ताई, 14,40,000 ला बाराने भागून येणारा आकडा हप्त्यासाठी मुळीच धरू नका. 1,20,000 मधून कंपनीचा निर्वाह निधीचा वाटा 7,200, ग्रॅच्युइटीचे सुमारे 2,886 आणि बोनसचे 10,000 वजा केल्यावर 99,914 रुपये उरतात, आणि त्यातूनही तुमचा स्वतःचा 7,200 चा वाटा कापला जाऊन 92,714 रुपये राहतात. निधी पूर्ण मूळ वेतनावर कापतात की 15,000 च्या मर्यादेवर, हे आधी विचारून घ्या, कारण दुसऱ्या पद्धतीत कपात अवघी 1,800 होते. महाराष्ट्रात वर्षाला 2,500 रुपये जाणारा व्यवसाय कर गोव्यात नाही.

खरा प्रश्न आयकराचा आहे. आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या करप्रणालीनुसार, बोनस धरून आणि 75,000 ची प्रमाणित वजावट घेऊन तुमचे करपात्र उत्पन्न 12,43,968 होते. 12 लाखांपर्यंत कर शून्य असला, तरी ती रेषा ओलांडताच टप्प्यांप्रमाणे 66,595 रुपये कर निघतो. सीमांत सवलतीमुळे तो रेषेवरच्या 43,968 रुपयांपुरताच राहतो आणि 4 टक्के उपकरासह 45,727 भरावे लागतात. म्हणजे रेषेवरची सगळी मिळकत करातच जाते. दरमहा सुमारे 3,811 कापले गेले, तर हातात 88,900 च्या आसपास पडतील.

म्हणून कंपनीला माझ्या मते हेच आवर्जून विचारा की, विशेष भत्त्यातील 45,000 रुपये कंपनीचे योगदान म्हणून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) वळवता येतील का. मूळ वेतनाच्या 14 टक्क्यांपर्यंत ही वजावट नव्या प्रणालीतही मिळते. तसे झाल्यास करपात्र उत्पन्न 11,98,968 वर येऊन कर उरत नाही आणि हातात जवळपास तेवढीच रक्कम पडते. फरक इतकाच की, करात गेलेले पैसे परत येत नाहीत, आणि एनपीएसमधले निवृत्तीपर्यंत अडकले तरी तुमचेच राहतात. घरकर्जाच्या व्याजासाठी जुनी प्रणाली घ्यावी असे कोणी सुचवील, पण तुमच्या आकड्यांत ती महागच पडेल.

उत्तर (डिचोली):
वरील हिशेबात 12 लाखांच्या आत केवळ 1,032 रुपयांची जागा उरते, तेव्हा ठेवींचे व्याज मिळवूनच एनपीएसची रक्कम ठरवावी. तुम्ही विवाहित असाल आणि गोव्याच्या नागरी कायद्यातील समाईक मालमत्तेची पद्धत तुम्हांला लागू असेल, तर आयकर कायद्याच्या कलम 5ए नुसार पगार ज्याचा त्याच्याच नावे राहतो, परंतु व्याजासारखे उत्पन्न पतिपत्नींत निम्मे-निम्मे विभागले जाते; यजमानांच्या ठेवींचे निम्मे व्याजही मग तुमच्या खात्यात मोजावे लागते. अशा वेळी आयकर विवरणपत्राचा आयटीआर-1 हा नमुना चालत नाही, कलम 5ए चे परिशिष्ट असलेले आयटीआर-2 भरावे लागते.