मदत हवी आहे: किल्टच्या (स्कॉटिश पुरुषांच्या घागऱ्यासारख्या पोशाखाच्या) प्लीट्स (चुण्या) कमरेकडे निमुळत्या कशा करायच्या?

नमस्कार मंडळी. सध्या एडिनबरोत राहते आणि पारंपरिक किल्ट शिवायला घेतलाय. ब्लाउज, परकर येतात, पण हे प्रकरण वेगळंच! दुहेरी पन्ह्याचं ४ यार्ड लोकरी टार्टन (चौकडीचं स्कॉटिश कापड) आणलंय. मागे चौकडी अखंड दिसेल अशा प्लीट्सच्या खुणा झाल्या. अडलंय पुढे. नितंबापासून कमरेपर्यंत प्रत्येक प्लीट निमुळती करत टाके घालायचे, तर उभ्या रेघा तिरक्या जातात. नितंब आणि कमरेच्या मापातला फरक सगळ्या प्लीट्समध्ये सारखाच वाटायचा का? शिवाय वरच्या भागात आतलं जादा कापड कापून टाकतात. इतक्या महागड्या लोकरीला कात्री लावायचा धीर होत नाहीये! कापण्याआधी आतून टाके कुठे घालायचे? मशीन सुचवू नका, हातशिलाईच करायची आहे. कुणी शिवलाय का?