परक्या शहरातला शेवटचा दिवस : अनुभव धागा

रात्रीचे विमान असले की सकाळी खोली सोडल्यापासून विमानतळ गाठेपर्यंत सहा-सात तास हाती राहतात, आणि बहुतेक मंडळी ते घाईच्या खरेदीत घालवतात. मला मात्र हाच दिवस सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तोवर रस्ते पायाखालचे झालेले असतात. सातारा-सांगलीकडच्या आपण सर्वांनी आपापला अनुभव अवश्य लिहावा. सुरुवात मी करते.

लंडन, २०१९. अर्ल्स कोर्टच्या हॉटेलात सामान ठेवून आम्ही दोघे साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलो. तिथे प्रवेश विनामूल्य आहे आणि हीथ्रोला थेट जाणारी पिकॅडिली मार्गिका दोन्ही स्थानकांवर थांबते, त्यामुळे वेळेची धास्ती नव्हती. टिपूच्या लाकडी वाघाच्या कुशीत बसवलेल्या बाजाच्या पट्ट्या न्याहाळण्यात अर्धा तास गेला. बाहेर बाकावर उरलेला चिवडा खाताना आठवले ते रंगो बापूजी. साताऱ्याच्या गादीवरून पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी ते याच शहरात सुमारे १४ वर्षे झगडले आणि रिकाम्या हाती परतले. तिथून निघताना त्यांची आठवण काढणे मला साताऱ्याच्या माणसाचे कर्तव्यच वाटले. पुढे जुलै २०२४ मध्ये त्याच संग्रहालयाची वाघनखे साताऱ्यात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्ही ती पाहून आलो.

सांगलीहून : ताई, आमची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, त्यामुळे इस्तंबूलमधला शेवटचा दिवस मी एमिनोन्यूच्या मसाला बाजारासाठीच राखून ठेवला होता. सगळीकडे पुडीचे ढीग होते; अखंड हळकुंड मागितले, तेव्हा दुकानदाराने आतून एक मूठ आणून दिली. एक मोडून पाहिले. आवाज टणक आला, पण आतला रंग आपल्या मालापुढे फिका होता. नंतर बोटीने वीसेक मिनिटांत कादिकॉयला, म्हणजे आशिया खंडात, जाऊन चहा घेतला.

कऱ्हाडहून : व्हिएन्नाच्या बाजारात शेवटच्या दिवशी घेतलेली मधाची बरणी मी हातातल्या पिशवीत ठेवली आणि विमानात सोबत १०० मिलिलिटरहून जास्त द्रव नेता येत नाही या नियमामुळे ती तपासणीत गमावली. अशा वस्तू मोठ्या बॅगेतच भराव्यात, ही कळकळीची विनंती.

विट्याहून : माझ्या वडिलांनी उभा जन्म परमुलखात सोन्याच्या गलाईच्या भट्टीपुढे काढला. दुबईतल्या शेवटच्या दिवशी त्यांना देऱ्याच्या सोने बाजारात नेले. काचेआडच्या दागिन्यांकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. गल्लीच्या टोकाला एक कारागीर डाख लावत होता, त्याच्यापाशी मात्र ते बराच वेळ उभे राहिले, आणि त्यानेही त्यांच्या बोटांवरचे भाजल्याचे डाग पाहून न विचारता स्टूल पुढे सरकवले. मग एक दिरहम देऊन आम्ही अब्रा नावाच्या लाकडी होडीतून खाडी ओलांडली. पलीकडे उतरल्यावर वडील म्हणाले, अजून वेळ आहे ना, मग आणखी एक फेरी मारू.